पदकानंतरची परतफेड

(पहाट. तालमीतला हौदा, म्हणजे कुस्तीची माती भरलेला खड्डा. दोन पोरं फावड्यानं माती उकरताहेत.)

ही माती रोज उकरावी लागते. चार दिवस हात लागला नाही तर बसते, टणक होते, आणि वरून आदळणाऱ्याचा खांदा निखळवते. म्हणून कराड-कोल्हापूर पट्ट्यातल्या तालमींत नव्या पोराच्या हातात पहिलं येतं ते फावडं. डाव नंतर.

माती लाल हवी, बारीक चाळलेली. खडा चालत नाही. मग तिच्यात तेल पडतं, ताक पडतं, हळद, लिंबाचा रस, कापूर. अंग सोलवटलं तर चिघळू नये, धरलेला हात निसटू नये, पण पडणाऱ्याला झेलावंही तिनं. वस्ताद मूठभर उचलतात, दाबतात, सोडून देतात. मूठ कशी फुटते त्यावरून ठरतं, आज अजून ताक हवं की नको.

(पोरं जोर मारताहेत. वस्ताद मोजताहेत. शड्डूचा आवाज.)

अशाच मातीत कराडजवळच्या गोळेश्वरचा एक मुलगा घडला. खाशाबा दादासाहेब जाधव. जन्म १५ जानेवारी १९२६. पाच भावांत सगळ्यात धाकटा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे घरात कुस्ती शिकवावी लागली नाही, ती होतीच. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिक्षण, पुढे कोल्हापूरचं राजाराम कॉलेज. अंगानं आडमाप नव्हते खाशाबा. चपळ होते. पाय कुठे पडतोय हे समोरच्याला कळायच्या आत तो दुसरीकडे गेलेला असायचा.

(दोन पैलवान हौद्यात. ढाक डावाचं प्रात्यक्षिक, सावकाश, मग पूर्ण वेगात.)

हा ढाक. खाशाबांचा हातखंडा डाव. मुंडी कवळीत घ्यायची, कंबर आत घालायची आणि समोरच्याचं सगळं वजन आपल्या कमरेवरून पलीकडे टाकायचं. पुन्हा बघा. ताकद दिसते ती हाताची, पण काम केलंय पायांनी. पाय अर्ध्या वितीनं चुकला असता, तर टाकणाराच खाली गेला असता.

१९४८ साली हा डाव घेऊन ते लंडन ऑलिम्पिकला गेले. खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. तिथं माती नव्हती, मॅट होती. मातीत पाय रुततो, रोवता येतो. मॅटवर तो सरकतो. नियम वेगळे, गुण देण्याची पद्धत वेगळी. आयुष्यभर चितपट हा एकच निकाल माहीत असलेल्या पैलवानानं तिथं फ्लायवेट गटात सहावा क्रमांक मिळवला. या सहाव्या क्रमांकाबद्दल फार बोललं जात नाही. आम्हाला तो फार मोठा वाटतो. परत आल्यावर खाशाबांनी सराव वाढवला आणि वजनाचा गट बदलला, बँटमवेट, ५७ किलो.

(राजाराम कॉलेजची इमारत. कॅमेरा कमानीतून आत.)

आता पैशांची गोष्ट. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकसाठी खाशाबांची निवड झाली, तीही सहज नाही, भांडून. पण निवड झाली म्हणजे तिकीट मिळालं असं नव्हतं. प्रवासाचा, राहण्याचा खर्च पैलवानानं स्वतः उभा करायचा. मुंबई राज्य सरकारकडे मदत मागितली, ती वेळेवर मिळाली नाही. मग खाशाबा घरोघर फिरले. गावानं दिलं, ओळखीच्यांनी दिलं, ज्याला जमलं त्यानं जमेल तेवढं दिलं. तरी पुरेना.

तेव्हा या कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण ठेवलं. सात हजार रुपये उभे केले. १९५२ चे सात हजार.

प्राध्यापकानं विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी घर गहाण टाकणं म्हणजे काय, याचा जरा विचार करा. त्या घरात माणसं राहत होती. खाशाबा बोटीवर चढले असोत की विमानात बसले असोत, ते घर त्यांच्याबरोबर निघालं होतं.

(हेलसिंकीची जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

कॅनडाचा मल्ल हरला. मेक्सिकोचा हरला. जर्मनीचा हरला. पुढे जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मामदबेयोव. या दोन लढती एकामागोमाग आल्या. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती हा नियम होता. पण तो नियम पुढे करून भांडायला त्या क्षणी खाशाबांच्या बाजूनं भारतीय पथकातलं कुणी हजर नव्हतं. दमलेल्या अंगानं ते उतरले. इशीनं सुवर्ण नेलं, मामदबेयोवनं रौप्य. कांस्य खाशाबांचं. २३ जुलै १९५२. स्वतंत्र भारताचं वैयक्तिक खेळातलं पहिलं ऑलिम्पिक पदक.

त्याच हेलसिंकीत आपल्या हॉकी संघानं सुवर्ण जिंकलं होतं. देशाचे डोळे तिकडे होते. सातारा जिल्ह्याचे मात्र इकडे.

(कराड ते गोळेश्वर रस्ता. बैलगाड्या, हलगी, गुलाल. गावच्या जत्रेतली दृश्यं.)

शंभराहून जास्त बैलगाड्या जोडल्या होत्या. कराडपासून गोळेश्वरपर्यंत. एरवी पायी गेलं तरी पाव तासात संपणारी ही वाट, मिरवणुकीला तिच्यावर सात तास लागले असं गावात आजही सांगतात. ढोल, हलगी, फेटे, फटाके. कराडच्या बाजूचं एक खेडं त्या दिवशी साऱ्या देशाला ठाऊक झालं. त्या मिरवणुकीत वर्गणी दिलेला प्रत्येक माणूस होता. कुणी हिशेब मागितला नाही. मागणारही नव्हते. पण गाडीवर उभा असलेला माणूस एकेक चेहरा ओळखत होता, आणि कुणी किती दिलंय हे त्याला पाठ होतं.

पदक मिळालं की कर्ज फिटतं, असं आपल्याला बाहेरून वाटतं. खरं तर तेव्हाच ते अंगावर येतं. हरून आलेल्या पैलवानाला लोक म्हणतात, जाऊ दे, प्रयत्न केलास. जिंकून आलेल्याला असं कुणी म्हणत नाही, आणि तोही स्वतःला म्हणू शकत नाही. त्यानं आता तालमीकडे बघायचं, धाकट्या पोरांच्या खुराकाकडे बघायचं, सत्काराला जायचं, जत्रेच्या फडात पाहुणा म्हणून बसायचं. घर मात्र आहे तसंच, मिळकत आहे तेवढीच. कांस्यपदकाबरोबर तेव्हा नोकरी आली नाही, बक्षिसाची रक्कम आली नाही.

(कुस्तीचं मैदान. गर्दी. हलगीचा कडकडाट. पंच जोड लावताहेत.)

खाशाबांनी मग जे येत होतं तेच केलं. कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं. संयोजक तेच, आणि लंगोट लावून उतरणारेही तेच.

हे मैदान बघा. कडेला बसलेली माणसं, मध्ये मोकळी माती, हलगीवाला जोडीभोवती फिरतोय. आधी खडाखडी, हाताला हात, एकमेकांच्या ताकदीचा अंदाज. इथं नाव असलेल्या पैलवानाला धोका जास्त. समोरच्याला हरून काही गमवायचं नसतं, आणि ऑलिम्पिकवीराला पाडलं तर त्याचं नाव रातोरात पंचक्रोशीत होतं. हात मोडू शकतो, गुडघा जाऊ शकतो. देशासाठी पदक आणलेला सव्वीस वर्षांचा मल्ल या धोक्यात उतरला, एकामागून एक कुस्त्या जिंकला, आणि जमलेले पैसे नेऊन खर्डेकरांना दिले. गहाण पडलेलं घर सुटलं.

आमच्या लेखी ही कुस्ती हेलसिंकीच्या कुस्तीइतकीच मोलाची. तिची नोंद कुठल्या निकालपत्रकात नाही.

(पोलीस कवायत मैदान. मग गोळेश्वरचं घर, दारावरची पाटी.)

१९५५ मध्ये ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. पदकानंतर तीन वर्षांनी. गुडघ्याच्या दुखापतीनं १९५६ चं मेलबर्न हुकलं. सत्तावीस वर्षं नोकरी केली, खात्यातल्या पोरांना कुस्ती शिकवली, सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठी झगडावं लागलं. १४ ऑगस्ट १९८४ ला रस्ता अपघातात गेले.

गावातल्या घराचं नाव ‘ऑलिम्पिक निवास’.

अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर दीड दशक उलटून गेल्यावर. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दिल्लीच्या कुस्ती स्टेडियमला त्यांचं नाव दिलं गेलं. खाशाबांनंतरच्या वैयक्तिक ऑलिम्पिक पदकासाठी भारताला १९९६ पर्यंत थांबावं लागलं, तेव्हा लिअँडर पेस यांनी टेनिसमध्ये कांस्य आणलं. महाराष्ट्राला तर २०२४ पर्यंत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा नेमबाज स्वप्निल कुसळे पॅरिसहून कांस्य घेऊन आला, बहात्तर वर्षांनी. त्याच्या पाठीशी रेल्वेची नोकरी होती आणि परतल्यावर सरकारचं बक्षीसही. हा बदल मोठा आहे, तो मान्य करायलाच हवा.

(तालीम पुन्हा. पोरं मॅटवर. कोपऱ्यात दुधाची किटली, भिजवलेले बदाम.)

पण तो बदल पदक मिळालेल्यांपुरता. ही पोरं अजून तिथवर पोचलेली नाहीत. यांचं दूध, बदाम, तूप, खोलीचं भाडं, स्पर्धेला जायचं भाडं कुठून येतं, विचारा. बापानं म्हैस विकलेली असते, चुलत्यानं सोसायटीचं कर्ज काढलेलं असतं. यातलं एखादं पोर उद्या जिंकेल, आणि जिंकल्या दिवसापासून फेडायला लागेल.

गोळेश्वरला खाशाबांच्या नावानं कुस्ती संकुल व्हावं म्हणून गावानं वर्षानुवर्षं वाट पाहिली. आमची मागणी गावाच्याही एक पाऊल पुढची आहे. संकुलात माती हवी, मॅट हवी, वसतिगृह हवं, आणि राहणाऱ्या पोराच्या खुराकाचा खर्च संकुलानं उचलावा. तालुक्याच्या स्पर्धेत उतरलेल्याचाही, पदक यायच्या आधीपासून.