बिल कोण भरतं? तैवानचा आरोग्य विमा

(दृश्य : ताइपेतला गल्लीतला दवाखाना. काउंटरवर कार्ड वाचणारं यंत्र.)

सर्दी-खोकल्याचा पेशंट आलाय. कार्ड यंत्रात सरकवलं की डॉक्टरांच्या स्क्रीनवर दिसतं, गेल्या काही महिन्यांत इतर डॉक्टरांनी त्याला कोणती औषधं दिली. तपासणीचा त्याचा वाटा ५० तैवानी डॉलर, म्हणजे शे-दीडशे रुपये. नोंदणी फी वेगळी. बाकीचं बिल सरकारी विम्याकडे जातं.

१ मार्च १९९५ ला ही योजना सुरू झाली. त्याआधी विमा होता, पण कामगारांचा वेगळा, सरकारी नोकरांचा वेगळा, शेतकऱ्यांचा वेगळा. यातून सुटली ती बरीचशी लहान मुलं आणि म्हातारी माणसं, म्हणजे ज्यांना डॉक्टर सगळ्यात जास्त लागतो तीच!

आता सगळ्यांचा विमा एकच, आणि तो सक्तीचा. तरुण, धडधाकट माणसालाही ‘मला नको’ म्हणायची सोय नाही. नोकरदाराच्या हप्त्याचे ३० टक्के तो स्वतः भरतो, ६० टक्के मालक, १० टक्के सरकार. गरीब कुटुंबांचा हप्ता पूर्ण सरकारच भरतं.

(दृश्य : मोठ्या हॉस्पिटलची ओपीडी. खच्चून गर्दी.)

दवाखान्यातल्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय थेट मोठ्या हॉस्पिटलात गेलात तर तपासणीचे ५० नाही, ४२० डॉलर. तरी लोक जातातच.

मग खर्च आवरतो कसा? खरी मेख इथे आहे. वर्षभराचा एकूण खर्च आधीच ठरतो. प्रत्येक उपचाराला डॉलर नाहीत, पॉइंट मिळतात. शेवटी ठरलेली रक्कम भागिले सगळ्यांचे पॉइंट. उपचार जास्त झाले की पॉइंटची किंमत घसरते. डॉलरचा पॉइंट ९० सेंटांवर, कधी त्याहून खाली येतो. म्हणजे शेजारच्या हॉस्पिटलनं जास्त पेशंट तपासले, तर कात्री या हॉस्पिटलच्याही बिलाला लागते. पेशंटला स्वस्त पडतं, त्यातला काही भार असा डॉक्टर-नर्सच्या अंगावर पडतो. त्यांची तक्रार जुनी आहे, आणि रास्त आहे.

हप्ता वाढवा म्हटलं की राजकारणी कचरतात. सुरुवातीला हप्ता पगाराच्या ४.२५ टक्के होता. पुढे तो वाढला, मग २०१३ आणि २०१६ मध्ये चक्क कमी केला. तिजोरीतली शिल्लक आटू लागली, तेव्हा २०२१ मध्ये पुन्हा ५.१७ टक्क्यांवर न्यावा लागला.