नळीच्या आतला गंज

नमस्कार श्रोतेहो.

माझं घर रत्नागिरीजवळ, समुद्राच्या अगदी काठावर. वडिलांची २४ इंची काळी सायकल माझ्याकडे आली, तेव्हापासून दर मे महिन्यात मी ती रंगवायचो. लांबून बघणाऱ्याला नवी वाटावी अशी लकाकायची. एका श्रावणात घाटी चढताना पायडलवर जोर दिला आणि फ्रेम खालच्या सांध्यात मोडली. घरी आणून उलटी केली, तर नळीतून ओंजळभर तांबडी भुकटी अंगणात पडली. वरचा रंग शाबूत होता. आतला पत्रा मात्र पापडासारखा झाला होता, अंगठ्याने दाबला तरी मोडत होता.

त्या दिवशी मला कळलं की इतकी वर्षं मी सायकलची चुकीची बाजू जपत होतो. म्हणून आज आधी आतल्या बाजूबद्दल बोलतो.

पावसाचं पाणी सीटच्या दांडीच्या फटीतून आत उतरतं. मागच्या चिमट्याच्या नळ्यांना बारीक भोकं असतात, तिथूनही शिरतं. पायडलचा एक्सल ज्या आडव्या नळीत फिरतो, तिला मेस्त्री लोक बीबी म्हणतात. ती फ्रेममधली सगळ्यात खालची जागा, त्यामुळे सगळं पाणी तिथे येऊन साचतं. त्यात आपला खारा वारा. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं आणि पाण्यातून वीज सहज वाहू देतं. गंज चढणं ही विजेच्या सूक्ष्म प्रवाहाचीच क्रिया असल्याने मिठाने तिला वेग येतो. साध्या सायकलच्या नळीचा पत्रा असतो तरी किती जाड? जेमतेम दीड मिलिमीटर.

यावर उपाय स्वस्त आहे. रंगाच्या दुकानात बेलतेल मिळतं. आपण ज्या जवसाची चटणी खातो, त्याचंच हे उकळलेलं तेल. पण हे पोटात घ्यायचं नाही, कारण लवकर सुकावं म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात. आमच्याकडे बरेच जण खोबरेल चोळतात. खोबरेल कधी सुकत नाही, त्यावर धूळ बसते आणि दोन सरींत ते धुऊन जातं. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं आणि लोखंडावर त्याचा चिवट पापुद्रा धरतो. गाडीचं जळकं काळं ऑईल तर वापरूच नका. त्यात आम्ल असतं, त्वचेलाही ते घातक, आणि पुढे त्या जागी रंग धरत नाही.

सीट आणि बीबीचा एक्सल काढून घ्या. सीटच्या नळीतून अर्धी वाटी तेल ओता. लहान भोकांतून पिचकारीने सोडा. मग फ्रेम हातात धरून सगळ्या अंगांनी सावकाश फिरवा, तान्ह्या बाळाला तेल लावताना या कुशीवरून त्या कुशीवर वळवतात तशी. रात्रभर टांगून निथळू द्या, आट्यांवरचं तेल पुसा आणि आठ-दहा दिवस हात लावू नका.

इथे एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो. हे तेल पुसलेलं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना ते तापतं आणि काडी न लावताही पेट घेऊ शकतं. दोरीवर उघड्यावर पसरून वाळवा, नाहीतर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.

आता बाहेरचा रंग. गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा लागते, म्हणून रंगाखाली राहिलेला गंज फुगतो आणि पोपडे सुटतात. तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने लोखंड चकचकीत दिसेपर्यंत घासा. सांध्याच्या खाचेत जिथे हात पोचत नाही, तिथे टॅनिनचं रस्ट कन्व्हर्टर लावा. विळीवर आवळा चिरला की पातं काळं पडतं ना, तीच ही क्रिया. हिरड्यात आणि आवळ्यात टॅनिन असतं, ते लोखंडाला धरून काळा, टिकाऊ थर करतं. घासून झालं की थिनरने पुसा आणि पुन्हा बोट लावू नका, बोटाचा घामही खारटच. त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा हात द्या. तो सुकला की ऑईल पेंटचे दोन पातळ हात. एकच जाड हात दिला तर ओघळ येतात आणि आतला थर कच्चा राहतो. बीबीच्या आट्यांना चिकटपट्टी लावून ठेवा. फ्रेमवर कोरलेला नंबर रंगाने बुजू देऊ नका. सायकल चोरीला गेली तर ओळख पटवायला तोच उपयोगी पडतो.

पावडर कोटिंग करून घेणार असाल तर उत्तमच. विजेचा भार दिलेली पावडर फ्रेमला चिकटते आणि १८० ते २०० अंशांच्या भट्टीत वितळून एकसंध होते. थर साधारण केसाच्या जाडीइतकाच, पण भलता चिवट. मात्र सांध्यांच्या आतल्या कोपऱ्यांत विजेचा प्रभाव क्षीण असतो, पावडर तिथे कमी बसते. फ्रेम हातात घेतलीत की आधी तेच कोपरे बघा. आणि बेलतेल पाजायचं ते भट्टीतून आल्यावर, आधी नाही.

हे सगळं मे महिन्यात उरकावं, नाहीतर दसऱ्याच्या सुमारास. भर पावसाळ्यात थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतलं पाणी बसतं आणि रंग पांढरट होतो. खंडेनवमीला सायकलला झेंडूची माळ घालता, ती दुसऱ्या दिवशी काढून हँडल कोरडं पुसा.

बीबीच्या तळाला पाणी निथळायचं छिद्र असेल तर ते चिखलाने बुजू देऊ नका. साध्या लोखंडी फ्रेमला नसेल, तर मेस्त्रीकडून ३ मिलिमीटरचं पाडून घ्या. पहिला मोठा पाऊस होऊन गेला की सीट काढा आणि नळीत बॅटरीचा उजेड टाका. तपकिरी, तुकतुकीत पापुद्रा दिसला तर तेल जागेवर आहे. तांबडी धूळ दिसली तर पुढच्या मेची वाट बघू नका, उघडीप मिळताच पुन्हा तेल पाजा.

नमस्कार.