उणे चिन्हाचं भांडण आणि पाच वर्षांचं वेळापत्रक

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

फळ्यावर विषय लिहिलाय, ‘भौतिकशास्त्र आणि इलेक्ट्रिकल : एकत्र दोन पदव्या’. पत्रिकेत तर ‘संपूर्ण मार्गदर्शन’ असं छापलंय. संपूर्ण म्हणजे चाळीस मिनिटं, त्यातली सात दीपप्रज्वलनानं खाल्ली. वेळापत्रकावर मी येणारच आहे. त्याआधी एका उणे चिन्हाबद्दल बोलू द्या. हा दुहेरी अभ्यासक्रम जड जातो तो विषयांच्या संख्येमुळे, असा सगळ्यांचा समज असतो. माझं म्हणणं वेगळं आहे. एकच गोष्ट दोन विभाग दोन बोलींत शिकवतात आणि मधे दुभाषी कुणी नसतो, म्हणून तो जड जातो.

उणे एकच्या वर्गमूळाला गणितवाले ‘आय’ म्हणतात. इलेक्ट्रिकलवाले ‘जे’ म्हणतात, कारण त्यांच्याकडे ‘आय’ करंटनं आधीच बळकावलेला. १८९३ साली स्टाइनमेट्झ या विद्युत अभियंत्यानं एसी, म्हणजे उलटसुलट वाहणाऱ्या विजेची सर्किटं, ‘आय’ वापरणाऱ्या संमिश्र संख्यांनी सोडवायची रीत मांडली आणि पानंच्या पानं भरणारी त्रिकोणमिती चार ओळींत आटोपली. इथवर सगळं गोडीगुलाबीचं.

खरी गोम कालघटकात आहे, म्हणजे लहर वेळेबरोबर कशी बदलते ते सांगणाऱ्या भागात. (ओमेगा म्हणजे कोनीय वारंवारता, टी म्हणजे वेळ.) इलेक्ट्रिकलमध्ये ‘ई रेझ टू प्लस जे ओमेगा टी’, भौतिकशास्त्रात ‘ई रेझ टू मायनस आय ओमेगा टी’. एकाचा फेझर, म्हणजे लहरीचा आकार आणि कोन दाखवणारा बाण, घड्याळाच्या उलट फिरतो, दुसऱ्याचा सुलट. आणि दोन्हीकडचे प्राध्यापक हे पहिल्या तासाला एकदा सांगतात, तेही फळा पुसता पुसता.

सकाळच्या प्रयोगशाळेत १ किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडा. साधारण १.५९ किलोहर्ट्झला कपॅसिटरवरचं व्होल्टेज ४५ अंश मागे पडलेलं स्कोपवर, म्हणजे लहरी दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर दिसतं. त्यात वाद नाही. इलेक्ट्रिकलच्या वहीत कोन उणे ४५, भौतिकशास्त्राच्या रीतीनं अधिक ४५. दोघंही बरोबर. स्कोपला कसलंच सोयरसुतक नाही.

दुपारी, सकाळी हा प्रयोग केलेल्या मुलाला काचेवरच्या ५० नॅनोमीटर चांदीच्या थराचं परावर्तन काढायचंय. अपवर्तनांक घेतला भौतिकशास्त्राच्या तक्त्यातून, ‘एन प्लस आय के’; त्यातला ‘के’ शोषण सांगतो. सूत्र उचललं ट्रान्समिशन लाइनच्या तासातलं, ‘प्लस जे ओमेगा टी’वालं. ‘आय’ आणि ‘जे’ एकच की, म्हणून तसंच ठोकलं. संगणक बिनतक्रार उत्तर देतो : परावर्तन आणि पारगमन मिळून १०० टक्क्यांच्या वर! शोषणाचं चिन्ह उलटलं, त्यामुळे चांदी प्रकाश खाण्याऐवजी तयार करायला लागली. तसं असतं तर दिवाळीत पणत्या कशाला, काजूकतलीच्या वर्खानंच घर उजळलं असतं. (हशा) हसताय, पण ही चूक शोधण्यात अख्खा शनिवार जातो, कारण प्रत्येक ओळ सुटी तपासली की बरोबरच निघते.

उपाय अगदी बारका आहे. पुस्तक कुठलंही असो, सूत्र उचलण्याआधी त्यातलं लहरीचं समीकरण शोधा. कालघटक वेगळा असेल तर सगळीकडे ‘आय’च्या जागी ‘मायनस जे’ घाला, एकही जागा न सोडता. ‘एन प्लस आय के’चं ‘एन मायनस जे के’ होतं, परमिटिव्हिटीचंही (पदार्थ विद्युतक्षेत्राला कसा प्रतिसाद देतो त्या राशीचंही) तसंच. अर्ध्या ठिकाणी बदललं की मेलात.

एककांचं तर विचारूच नका. जुन्या गाउसियन एककपद्धतीत धारकतेचं, म्हणजे कपॅसिटन्सचं, एकक सेंटिमीटर असतं. १ सेंटिमीटर म्हणजे सुमारे १.११ पिकोफॅरड. कपॅसिटर शाळेच्या पट्टीनं मोजायचा! असो.

हे भांडण फक्त वहीतलं नाही. हिंगोली जिल्ह्यातल्या लायगो-इंडियाला, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठीच्या वेधशाळेला, २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं २६०० कोटींची मंजुरी दिली. ४ किलोमीटरच्या बाहूंमध्ये लेसर अनुनादात धरून ठेवायचा, तर प्रकाशावर रेडिओ वारंवारतेचं मॉड्युलेशन चढवतात, फोटोडायोडच्या सिग्नलवरून त्रुटी काढतात आणि ती फीडबॅकनं आरशांकडे परत धाडतात. आरशांमधली प्रकाशाची पोकळी भौतिकशास्त्राची, फीडबॅकचा लूप इलेक्ट्रिकलचा. त्रुटीचं चिन्ह उलटं लागलं तर लूप आरशाला जागेवर आणण्याऐवजी आणखी लांब ढकलतो.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तेव्हा वेळापत्रक आता धावतपळत.

आधी पालकांसाठी : आयआयटीतलं ‘इंजिनिअरिंग फिजिक्स’चं बी.टेक. ही एकच पदवी आहे, तिला दोन समजू नका. खरोखर दोन हव्या असतील तर बिट्स पिलानीची पद्धत पाहा. गोव्यात झुआरीनगरलाही बिट्सचा कॅम्पस आहे. एम.एस्सी. भौतिकशास्त्राला प्रवेश, मग पहिल्या वर्षाच्या सीजीपीएवर, म्हणजे सरासरी गुणांकावर, बी.ई.ची शाखा, एकूण पाच वर्षं. इलेक्ट्रिकलला मागणी भरपूर, त्यामुळे ‘पहिलं वर्ष रुळायला’ हा हिशेब इथे चालत नाही.

दुसऱ्या वर्षी सिग्नल्स अँड सिस्टिम्स पुंजयामिकीच्या (क्वांटम मेकॅनिक्सच्या) आधी किंवा निदान सोबत घ्या. फूरिये रूपांतर, म्हणजे सिग्नल वारंवारतांमध्ये फोडायची रीत, हातात बसलं की अनिश्चिततेचं तत्त्व ओळखीचं वाटतं : अरुंद पल्सला रुंद बँडविड्थ लागते, तेच ते. रेषीय बीजगणित त्याहून आधी. तिसऱ्या वर्षी घनावस्था भौतिकी आधी, ट्रान्झिस्टरची उपकरणं नंतर. उलट केलंत तर ट्रान्झिस्टरच्या सूत्रांतलं औष्णिक व्होल्टेज, म्हणजे ३०० केल्विनचे २५.९ मिलिव्होल्ट, नुसते पाठ होतात. ते बोल्ट्झमनचा स्थिरांक गुणिले तापमान, भागिले इलेक्ट्रॉनचा भार, हे कळतच नाही. एका दिवशी दोन प्रयोगशाळा घेऊ नका. सहा तास उभं राहणं जमतं हो, पण त्या रात्रीचे दोन अहवाल जमत नाहीत. विद्युतचुंबकत्व दोन्हीकडे येतं. एकातून सूट मिळते का, ते नोंदणीच्या आधी लेखी विचारा, सेमिस्टर संपल्यावर नव्हे.

सॉफ्टवेअरचीच नोकरी हवी असेल तर हे पाचवं वर्ष आणि त्याची फी अंगावर घेऊ नका. सेमीकंडक्टर, फोटॉनिक्स, क्वांटम उपकरणं, पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीसारखी कामं खुणावत असतील तर घ्या. जॉन बार्डीननं १९२८ मध्ये विस्कॉन्सिनहून इलेक्ट्रिकलची पदवी घेतली, १९३६ मध्ये प्रिन्स्टनहून गणिती भौतिकीत पीएच.डी. केली आणि १९४७ मध्ये ट्रान्झिस्टर घडवणाऱ्यांत तो होता. त्याच्यावर खरं तर वीस मिनिटं ठेवली होती, ती त्या उणे चिन्हानं खाल्ली.

हो, हो, माइक देतो. फक्त पहिला प्रश्न ‘पॅकेज किती’ नको.