बाजू कधी संपली?

मंडळी, आधी एक कबुली देऊन टाकतो. एकेकाळी माझ्याकडे भलंथोरलं टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्डी वाजवायचं यंत्र, होतं. नुसतं प्लॅटर, रेकॉर्ड ठेवायची फिरती थाळी, उचलायलाच दोन्ही हात लागायचे. घरी येणारा प्रत्येक जण त्याला एक प्रदक्षिणा घालायचा. वाजायचंही झकास: घरघर नाही, झांजेचा किणकिणाट लख्ख. पण वर्षभराने लक्षात आलं, की आपण रेकॉर्डची एकही बाजू पूर्ण ऐकत नाही. दोन मिनिटं हे, तीन मिनिटं ते. बिचाऱ्या रेकॉर्डी नुसत्या यंत्राच्या परीक्षेला बसत होत्या.

माहितीपत्रकात हमखास झळकणारा आकडा म्हणजे वॉव-फ्लटर, फिरण्याच्या गतीतला चढउतार. टेक्निक्स कंपनीच्या १९७९ च्या एसएल-१२०० एमके२ या टर्नटेबलचा हा आकडा ०.०२५ टक्के. करणाऱ्यांना सलामच करायला हवा. पण आता रेकॉर्डच्या मधल्या भोकाकडे बघा. ते मध्यापासून ०.२ मिलिमीटर सरकलंय आणि सुई मध्यापासून १० सेंटिमीटरवर आहे असं धरा. सुईखालच्या खाचेचा वेग दर फेऱ्याला ०.२ टक्के वर जातो आणि तेवढाच खाली येतो. मिनिटाला ३३ १/३ फेऱ्यांच्या गतीला एक फेरा १.८ सेकंदांचा. यंत्राने जपून जे राखलं, त्याच्या कित्येक पट त्या भोकाने घालवलं! पियानोचा रेंगाळणारा स्वर असला की हे कानाला लागतं. गायकाच्या कंपात बेमालूम लपतं. माझ्याकडे अशी एक रेकॉर्ड आहे, तिच्यावर टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, डोलताना चक्क डोळ्यांना दिसतो. सगळ्यांत लाडकी आहे ती माझी.

म्हणून आकडे खोटे, असं कृपा करून समजू नका. गती मुळातच चुकली तर गाण्याची पट्टी बदलते, ते कसं चालेल? एका पातळीपर्यंत आकडे बघायचेच. त्या पातळीच्या वर मात्र दोन चांगल्या यंत्रांतलं आपलं कोणतं, हे आकडा सांगू शकत नाही.

१९६१ साली एडगर व्हिल्चर यांच्या एआर कंपनीने एक टर्नटेबल काढलं. दिसायला अगदी साधं. पण प्लॅटर आणि टोनआर्म एकाच चौकटीवर, ती चौकट स्प्रिंगांवर तोललेली, आणि मोटर वेगळी, बेल्टने जोडलेली. हा खटाटोप कशासाठी? सुईला खाचेतली अतिसूक्ष्म हालचाल टिपायची असते. मोटरची थरथर किंवा कुणाची पावलं तिच्यात मिसळली, तर मोठे आवाज तगून जातात. बुडतं ते हळुवार असतं ते. स्वराची शेपटी, दोन ठोक्यांमधली शांतता. आणि लयीचा सगळा संसार त्या शांततेतच असतो.

टर्नटेबल बनवणाऱ्या लिन कंपनीने पुढे ग्राहकांसमोर एक मजेशीर कसोटी ठेवली: ऐकता ऐकता चाल मनात गुणगुणा, आणि कोणत्या यंत्रावर ती सहज हाती लागते ते बघा. विकणाऱ्याचा स्वार्थ होताच त्यात. तरी कसोटी मला पटते, कारण तिला कान सोडून काही लागत नाही.

दुकानात टर्नटेबल ऐकायला जाताना रेकॉर्ड स्वतःची न्या, आणि शक्यतो बाजूच्या शेवटी सगळा वाद्यवृंद गर्जतो अशी. सुरुवातीला सुईखालून खाच सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर सरकते, लेबलजवळ जेमतेम २१. तेवढंच संगीत निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं! कार्ट्रिज, म्हणजे टोनआर्मच्या टोकाचा सुईवाला भाग, किंचित तिरकं बसलं असेल तर इथे आवाज फाटायला लागतो. नीट न लावलेलं भारी यंत्र नीट लावलेल्या साध्या यंत्रापुढे हरतं. मी पाहिलंय हरताना, माझंच होतं.

आणि तुकडे ऐकू नका. तुकड्यात झगझगीत यंत्र उठून दिसतं, तासाभराने तेच डोकं उठवतं. पूर्ण बाजू लावा, वीस-बावीस मिनिटांची. विकणारा जांभया देईल, देऊ द्या. सुई शेवटच्या खाचेत टकटक करू लागली आणि तुम्ही दचकलात, तर खुशाल पैसे मोजा.

ते भलंथोरलं टर्नटेबल मी पुढे एका मित्राला देऊन टाकलं. परवा त्याच्याकडे गेलो होतो. पाऊण तासात त्याने मला अकरा रेकॉर्डी ऐकवल्या.