ठसा कुणाचा, थराचा की काचेचा?

(कोल्हापुरात अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि फौंड्रीत काम करणाऱ्या मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

शिरोली-गोकुळ शिरगावच्या फौंड्रींतली मंडळी समोर आहेत, म्हणून कडकपणापासूनच सुरुवात करतो. बिडाच्या कास्टिंगवर तुम्ही कडकपणाची ब्रिनेल चाचणी घेता. 10 मिलिमीटरचा गोळा, 3000 किलोचा भार, मग ठशाचा व्यास. आता दुर्बिणीचं हे भिंग बघा. उजेडाला तिरकं धरलं की जांभळट झाक दिसते. तो मॅग्नेशियम फ्लोराइडचा थर, जाडी जेमतेम 100 नॅनोमीटर. उघड्या काचेच्या एका पृष्ठभागावरून सुमारे 4 टक्के उजेड परत फिरतो, तो या थरामुळे दीड टक्क्याच्या आत येतो. पण याचा कडकपणा मोजायचा कसा? गोळा टेकवलात तर ठसा काचेचा मिळेल, थराचा नाही.

म्हणून नॅनोइंडेंटेशन. हिऱ्याचं तीन बाजूंचं टोक दाबायचं, भार आणि खोली सतत नोंदवायची आणि भार उतरतानाच्या रेषेवरून कडकपणा काढायचा. ऑलिव्हर आणि फार (Pharr) या संशोधकांनी 1992 साली मांडलेली ही पद्धत आज सगळीकडे चालते. पण खोली थराच्या दहाव्या हिश्शापलीकडे जायला नको, असा दंडक आहे. म्हणजे इथे 10 नॅनोमीटर! हिऱ्याच्या टोकाची गोलाईच त्याहून मोठी असते. म्हणून इतक्या पातळ थराचा आकडा कुणी छातीठोकपणे सांगितला, की मी आधी टोकाची त्रिज्या विचारतो.

माझ्या मते कडकपणापेक्षा थरातला ताण जास्त महत्त्वाचा. थर बसतानाच ताण घेऊन बसतो. मॅग्नेशियम फ्लोराइड आकसू पाहतो, त्याला तडे जातात. काही थर उलट पसरू पाहतात, ते फुगून सुटतात. हा ताण मोजायची स्टोनी यांची युक्ती 1909 ची आहे. पातळ पट्टीवर थर द्या आणि पट्टी किती वाकली ते बघा. पट्टीचे गुणधर्म आणि दोन्ही जाड्या माहीत असल्या की पुरे, थराची लवचिकता माहीत नसली तरी चालतं. मला हे आजही फार सुंदर वाटतं.

बाकी रोजच्या चाचण्या साध्या आहेत: खोडरबराने घासणं, दमट पेटीत ठेवणं, चिकटपट्टी लावून ओढणं. आपल्याकडचा जुलै-ऑगस्ट बघता दमटपणाची चाचणी कधीच टाळू नका. सच्छिद्र थरात पाणी शिरतं.

चिकटपट्टीचं मात्र सांगायलाच हवं. मॅग्नेशियम फ्लोराइड तापलेल्या काचेवर, 300 अंशांच्या आसपास बसवला तर चिवट होतो. थंड काचेवरचा कापडानेही निघतो. आमच्या एका घाण्यात तापमान अगदी बरोबर होतं, तरी पट्टी ओढली आणि एका भिंगावरचा थर सुटला. सगळा नाही, थोडाच. भिंगावर हलकेच ‘हा’ केलं. वाफ बसली आणि जिथून थर गेला होता तिथला आकार उठून दिसला. पाहिलं तर बारीक वळणावळणाच्या रेषा होत्या. थर द्यायच्या आधी ते भिंग मीच कडेला धरून ठेवलं होतं. तो माझ्या अंगठ्याचा ठसा होता.