‘हलू नकोस’ आणि ‘दोघांचं खा’

आजच्या व्याख्यानाच्या पत्रिकेवर विषय छापलाय, ‘खेळाडू महिला : गरोदरपणातला व्यायाम आणि आहार’. आहाराकडे येईनच. पण आधी मला जॉगिंग ट्रॅकवरच्या काकांबद्दल बोलायचंय. आपल्या नाशकात कृष्णानगरला जा, गोल्फ क्लबवर जा, ते असतातच. बाकावर. हसू नका, दोन-तीन जण मला इथूनही दिसताहेत.

आमच्या ग्रुपमधली एक मुलगी, हाफ मॅरेथॉन पळणारी. पाचवा महिना, डॉक्टरांची परवानगी, वेग तिने आपणहून उतरवलेला. पहिल्या फेरीला काका म्हणाले, “बाळा, जपून.” दुसऱ्या फेरीला, “घरी कुणी मोठं माणूस नाही का?” तिसऱ्या फेरीपर्यंत त्यांनी एका काकूंना जोडीला घेतलं होतं. काकू म्हणाल्या, “अगं, या दिवसांत आराम करावा. नवव्यात मात्र बसून फरशी पुसायची हं, सुटका सोपी होते.” म्हणजे हातात फडका असला की चालतं, पायात बूट असले की नाही! आणि वर, “दोन जिवांची आहेस, दोघांचं खा.” हे सांगून दोघंही मिसळ खायला गेले.

सावरपाड्याच्या कविता राऊतने 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरला कांस्य आणलं, तेव्हा आपण सगळे नाशिककर तिचे नातेवाईक झालो होतो. आपल्या घरातल्या पळणाऱ्या मुलीचं कौतुक मात्र तिचं लग्न होईपर्यंतच. आणि पेठ-सुरगाण्याच्या वाटेवर पोटुशी बाई डोक्यावर हंडा घेऊन चढ चढते, भाताच्या आवणीत दिवसभर वाकते, तिला कुणी थांबवत नाही. आता लगेच “बघा, ती करते ना” असंही म्हणू नका. दमली तरी तिला बसता येत नाही आणि ताटात पुरेसं पडत नाही. त्याला कष्ट म्हणतात. व्यायामात कधी थांबायचं ते आपण ठरवतो, आणि त्यासाठी पोटात काहीतरी असतं. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, बाकीचं त्याचा तपशील.

थांबायचं कधी, हे ठरवायला पूर्वी घड्याळ होतं. 1985 मध्ये अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलं होतं, गरोदर बाईचे ठोके मिनिटाला 140 च्या वर जाऊ देऊ नका. 1994 मध्ये त्यांनीच ती मर्यादा काढून टाकली, पण आमच्याकडे ती अजून मुक्कामाला आहे. गरोदरपणात नुसतं बसलं तरी ठोके दहा-पंधराने वाढलेले असतात, मग त्या आकड्याचा उपयोग काय? त्यापेक्षा श्वास बघा. चालता-पळताना गप्पा मारता आल्या पाहिजेत, गाणं म्हणता येत नसेल तर चालेल. ज्यांना एरवीही गाता येत नाही त्यांनी गप्पांवरच राहावं. अशा मध्यम व्यायामाची आठवड्याला किमान 150 मिनिटं, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. पॅरिसला 2024 मध्ये इजिप्तची नादा हाफेझ सातव्या महिन्यात तलवारबाजी खेळली. तुम्ही तसं करा असं मी म्हणत नाही. पडायचा किंवा पोटावर मार बसायचा धोका असलेले खेळ बंदच. पण काकांना सांगायला बरं पडतं.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, आहार, भराभर.

दोघांचं खायचं नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीत गरोदर बाईला दिवसाला सुमारे 350 किलोकॅलरी जादा सांगितल्यात. म्हणजे साधारण एक नागलीची भाकरी, वाटीभर मटकीची उसळ आणि थोडं दही. पळणाऱ्या बाईने मात्र व्यायामात जेवढं जाळलं तेवढं यावर आणखी घ्यायचं, नाहीतर वजन वाढत नाही आणि घरचे दोष देतात पळण्याला. प्रथिनं दुसऱ्या तिमाहीत रोज साडेनऊ ग्रॅम जादा, तिसरीत 22. उपाशीपोटी व्यायाम नको, या काळात साखर लवकर उतरते. तासभर आधी केळं किंवा दोन खजूर. संकष्टीला पळायचं असेल तर उपास सोडा, किंवा पळणं सोडा. प्रोटीनच्या डब्यावरची बारीक अक्षरं डॉक्टरांना दाखवा. त्यात जडीबुटी आणि कॅफीन काय काय असतं. कॅफीन दिवसाला 200 मिलिग्रॅमच्या आत, चहा धरून. एप्रिल-मे मध्ये पहाटेच पळा, पाणी बरोबर ठेवा. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर, चहाबरोबर नाही, कॅल्शियमच्या गोळीबरोबर तर नाहीच.

रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणं, कळा, चक्कर, छातीत दुखणं, पोटरी सुजून दुखणं: यातलं काहीही झालं तर तिथेच थांबायचं आणि थेट दवाखाना गाठायचा. वार, म्हणजे बाळाला पोसणारा भाग, गर्भाशयात खाली असेल, रक्तदाब वाढलेला असेल, पंडुरोग जास्त असेल, तर डॉक्टरांनी ‘हो’ म्हटल्याशिवाय बूट घालायचेच नाहीत.

सिझेरियननंतर पळायला कधी लागायचं, अशी एक चिठ्ठी आली आहे. त्याला पाच मिनिटं पुरणार नाहीत, त्या ताईंनी खाली भेटावं. चहा ठेवलाय. आत्ताच गोळी घेतली असेल तर तासाभराने घ्या.