मुंग्यांची वाट आणि जास्वंदीवरचा मावा

नमस्कार श्रोतेहो. बागेतल्या जास्वंदीवर मुंग्यांची रांग लागलेली दिसली की बहुतेक घरांत पहिला हात जातो तो मुंग्यांच्या पावडरीकडे. आज माझी कळकळीची विनंती आहे, हात जरा थांबवा. ती रांग कुठे चालली आहे ते आधी बघा.

रांगेच्या मागोमाग शेंड्यापर्यंत जा आणि कोवळं पान उलटं करा. मोहरीहूनही बारीक, हिरवे-काळपट किडे तिथे दाटीवाटीने बसलेले असतात. हाच मावा. एखादं भिंग घेऊन दोन मिनिटं बघत राहा. मुंगी मिशांनी माव्याची पाठ थोपटते, आणि त्याच्या मागच्या टोकाला काचेच्या मण्यासारखा थेंब येतो. तो ती पिऊन टाकते. झाडाच्या रसात साखर भरपूर आणि प्रथिनं अगदी थोडी. म्हणून मावा रस ओढतच राहतो आणि जास्तीची साखर बाहेर टाकतो. या गोडासाठी मुंग्या त्याला गुरांसारखं सांभाळतात. उरलेला चिकटा खालच्या पानांवर पडतो आणि त्यावर काळी बुरशी धरते. पानावर काजळी धरली म्हणतात ती हीच.

खरी अडचण पुढे आहे. माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्लं घालते, आणि ती पिल्लं आठवडा-दहा दिवसांत स्वतः प्रसवू लागतात. ढगाळ हवा पडली की हा पसारा बघता बघता वाढतो. त्याला आवर घालणारे ढालकिडे, म्हणजे मावा खाणारे लेडीबर्ड भुंगेरे, बागेत येतात, पण राखणीला बसलेल्या मुंग्या त्यांना टिकू देत नाहीत. म्हणून मुंग्यांची वाट तोडायची. मुंग्या मारत बसायची गरज नाही.

आपल्या आज्या जाळीच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवत. कुंडीच्या स्टँडखाली तसंच करा. पाण्यात साबणाचे दोन थेंब टाका, म्हणजे डास होणार नाहीत. झाड जमिनीत असेल तर बुंध्याला कापडाची पट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावा. सालीवर थेट नको. भिंतीला, दोरीला टेकणारी फांदी छाटा, कारण एक फांदी जरी टेकली तरी सगळी मेहनत फुकट.

मग सकाळी पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालच्या बाजूने मारा, तीन-चार दिवस ओळीने. बराचसा मावा खाली पडतो आणि पुन्हा वर चढू शकत नाही. तरीही उरला, तर एक लिटर पाण्यात 5 मिलि कडुनिंबाचं तेल आणि थोडा पातळ साबण नीट घुसळून, ऊन उतरल्यावर फवारा. आधी दोन-चार पानांवर मारून एक दिवस वाट बघा. आणि युरिया आवरा! नत्र जास्त झालं की फूट लुसलुशीत येते, आणि माव्याला तीच हवी असते.

फवारण्याआधी मात्र पान एकदा निरखा. काही वर्षांपूर्वी माझ्या शेवंतीवर काळपट, नारिंगी ठिपक्यांच्या, काटेरी अळ्या दिसल्या. नवी कीड आली म्हणून मी त्या वेचून चिरडल्या. नंतर कळलं, ती ढालकिड्याचीच पिल्लं होती, दिवसाला कितीतरी मावा फस्त करणारी. त्याचं मला आजही वाईट वाटतं. त्या वर्षी शेवंतीच्या कळ्या उमलल्याच नाहीत.

आणखी एक खूण सांगतो. माव्यात काही किडे फुगलेले, तपकिरी, कागदासारखे कोरडे दिसतील, पाठीवर गोल भोक असलेले. सुईच्या टोकाएवढी एक गांधीलमाशी आत अंडं घालून गेली, तिचं पिल्लू आतून माव्याला खाऊन त्या भोकातून उडून गेलं. असे दहा-बारा किडे एका पानावर दिसले, तर फवारा पंप खाली ठेवा आणि आठवडाभर त्या झाडाला हात लावू नका. नमस्कार.